क्रमसापेक्ष एकत्रीकरण फलने
फझी तर्कशास्त्रात ० ते १ मधील सत्यमूल्ये एकत्र करणारी, पण मूल्यांचा क्रम बदलताच फल बदलू शकणारी फलने. दोन निकषांना ०·७ व ०·३ भार दिल्यास ०·९ व ०·४ या मूल्यांची भारित सरासरी ०·७५ येते; मूल्यांची अदलाबदल करताच ती ०·५५ होते व निर्णय पालटू शकतो. लॉटफी झादे यांनी १९६५ मध्ये छेदासाठी योजिलेले लघुतम मूल्य मात्र क्रमनिरपेक्ष होते. पुढे ‘आणि’साठी रूढ झालेले त्रिकोणी नॉर्मही तसेच होते. पॉल मॉस्टर्ट व ॲलन शील्ड्स यांच्या १९५७ मधील प्रमेयानुसार अशा साहचर्य फलनांत सांतत्य असल्यास क्रमनिरपेक्षता आपोआप येते. म्हणून २००१ मध्ये फ्लॉन्डॉर, जॉर्जेस्कू व यॉर्गुलेस्कू यांनी मांडलेल्या क्रमसापेक्ष छद्मनॉर्मांना सांतत्य सोडावे लागले आणि ‘जर-तर’ संबंधाचे दोन प्रकार मानावे लागले.