त्वेरच्या सौदागराचा दक्षिणवास

कुंडलिका नदी समुद्रास मिळते तेथे, आजच्या रेवदंड्याच्या शेजारी, चौलाचे प्राचीन बंदर होते. टॉलेमीच्या भूवर्णनापासून अरब दर्यावर्द्यांच्या वृत्तान्तांपर्यंत या बंदराचा उल्लेख ठिकठिकाणी सापडतो, आणि तेथे उतरलेल्या परदेशस्थांची मोजदाद करू गेल्यास तिला अंत लागावयाचा नाही. तथापि इसवी सन 1470 च्या आसपास एक घोडा बरोबर घेऊन जो मनुष्य तेथे गलबतातून उतरला, त्याच्याइतका एकाकी प्रवासी त्या किनाऱ्याने क्वचितच पाहिला असेल. त्याचे नाव अफनासी निकितीन. वोल्गेच्या काठच्या त्वेर नगरीचा तो सौदागर. इब्न बतूता हिंदुस्थानात आला तेव्हा दिल्लीच्या दरबारी त्याला काझीचे पद मिळाले. 1443 मध्ये विजयनगर पाहणारा अब्दुर्रझाक हा तैमुरी बादशहा शाहरुखाचा वकील होता, आणि त्याच्या खलित्याचा मान वाटेवरचे सुभेदार राखीत. निकितीनापाशी सनद नव्हती, भागीदार नव्हता आणि परत जाण्यापुरता ऐवजही नव्हता. ज्याला कोणाचाच आधार नाही त्याला परक्या समाजाशी दाराबाहेरून व्यवहार करून भागत नाही, त्या समाजाच्या उंबऱ्याच्या आत जावेच लागते. आणि त्याच्या टिपणवहीचे सारे मोल, माझ्या मते, या निराधारपणात आहे.

त्याला हिंदुस्थानात यावयाचेच नव्हते. शिरवानच्या शाहाचा वकील मॉस्कोच्या राजाने दिलेले नव्वद ससाणे घेऊन स्वदेशी परतत होता, त्याच्या सोबतीने वोल्गेवरून खाली जावे, शिरवानात माल विकावा आणि परत यावे, इतकाच त्याचा बेत होता. आस्त्राखानजवळ तातारांनी त्यांच्या नावा लुटल्या. पुढे कास्पियन समुद्रात तुफान होऊन दुसरी नाव किनाऱ्यावर आपटली आणि तीतील माणसे कैद झाली. शिरवानशाहाकडे परतीच्या खर्चाची याचना केली, ती फेटाळली गेली. तेव्हा ती सारी मंडळी रडली आणि पांगली. ज्यांचे घरी काही शिल्लक होते ते रशियास वळले. ज्यांच्यावर कर्ज होते त्यांना पाय नेतील तिकडे जाणे भाग पडले. निकितीन या दुसऱ्या वर्गातला असावा, असे त्याच्या पुढील वाटचालीवरून वाटते. तो दरबंदास गेला, तेथून अखंड अग्नी जळणाऱ्या बाकूस, मग समुद्र ओलांडून इराणात. तेथे आमूल, काशान, यझद, लार असे मुक्काम करीत, कोठे महिना तर कोठे त्याहून अधिक राहत, तो होर्मुझच्या बंदरी पोहोचला. तेथे त्याने एक घोडा खरेदी केला. त्या घोड्यावर त्याचे शंभर रूबल खर्च झाले होते. कर्जबाजारी माणसाने उरलेसुरले भांडवल एका जनावरात गुंतवून अज्ञात समुद्रात लोटावे, हे धाडस खरे. परंतु त्यामागचा हिशेब चोख होता.

दक्षिणेच्या हवेत उत्तम घोड्याची पैदास होत नसे, आणि घोडदळावाचून त्या काळी राज्य टिकत नसे. बहामनी सुलतान आणि विजयनगरचे राय यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्या चाललेले. दोघांनाही अरबस्तान, इराण व तुर्कस्तानचे घोडे समुद्रमार्गे आणवावे लागत. दाभोळ, चौल, गोवे या बंदरांची भरभराट पुष्कळ अंशी या एका जिनसेवर अवलंबून होती, आणि महमूद गावानाने 1472 मध्ये गोवे जिंकले त्याच्या मुळाशीही हाच व्यापार होता. हा महमूद गावान स्वतः गिलानचा परदेशस्थ. मलिक-उत-तुज्जार हा त्याचा किताब, आणि सुलतान तिसरा मुहम्मद याच्या कारकिर्दीत राज्याची सूत्रे त्याच्या हाती होती. निकितीन ज्या दक्षिणेत उतरला ती अशी परदेशस्थांना सन्मानाने वागवणारी होती. मात्र तो सन्मान खोरासानी मुसलमानांसाठी होता, त्वेरच्या ख्रिस्ती व्यापाऱ्यासाठी नव्हे.

चौलास उतरताच त्याने काय पाहिले? माणसे उघड्या अंगाने, उघड्या डोक्याने हिंडत होती. स्त्रियांचे केस एका वेणीत गुंफलेले होते. सरदाराच्या डोक्यास एक वस्त्र आणि कमरेस एक. आणि त्याच वेळी कोकणची माणसे त्याच्याकडे पाहत होती. तो जेथे जाई तेथे त्याच्या मागे लोकांचा घोळका असे, कारण असा गोरा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. पाहणारा आणि पाहिला जाणारा अशा दोन्ही भूमिका त्याने एकाच परिच्छेदात, कसलाही अभिनिवेश न ठेवता नोंदविल्या आहेत. पुढे आलेल्या कितीएक युरोपीय प्रवाशांच्या लेखनात यातील दुसरी बाजू शोधूनही सापडत नाही.

चौलाहून पालीस आठ दिवस, पालीहून उमरीस दहा, आणि तेथून जुन्नरास सहा असा त्याचा प्रवास झाला. जुन्नरचे त्याचे वर्णन मराठी वाचकाने मुद्दाम वाचावे असे आहे. नगर एका पाषाणकड्यावर आहे, तो कडा मनुष्याने रचलेला नसून ईश्वरनिर्मित आहे, चढावयास दिवस लागतो, आणि वाट इतकी अरुंद की दोन माणसे जोडीने जाऊ शकत नाहीत, असे तो लिहितो. हे वाचताना शिवनेरीचा कडा डोळ्यांपुढे उभा राहिल्यावाचून राहत नाही. पुढे 1630 मध्ये याच गडावर शिवछत्रपतींचा जन्म व्हावयाचा होता. निकितीन आला तेव्हा जुन्नरचा अंमल मलिक-उत-तुज्जाराच्या हाताखालील असदखानाकडे होता. पावसाळा तेथेच काढावा लागला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि त्या चिखलातच येथले लोक नांगर धरतात व धान्य पेरतात, याचे त्याला नवल वाटले, कारण त्याच्या देशी प्रवास अडवून धरणारा ऋतू हा हिमाचा, आणि त्या ऋतूत जमीन निद्रिस्त असे. घोड्यांना येथे हरभरा चारतात, साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी खाऊ घालतात, हेही त्याने टिपले आहे. ज्याचे सर्वस्व एका घोड्यात होते, त्याने दुसऱ्यांच्या घोड्यांचा खुराक इतक्या बारकाईने पाहिला यात आश्चर्य नाही.

आणि तोच घोडा खानाने हिरावून घेतला. हा मनुष्य मुसलमान नसून रशियन ख्रिस्ती आहे, असे खानास कळले होते. त्याने अट घातली ती अशी : आमचा धर्म स्वीकारशील तर घोडा परत मिळेल आणि वर एक हजार सुवर्णनाणी देईन, न स्वीकारशील तर घोडा गेलाच, शिवाय हजार नाणी दंड भरावा लागेल. मुदत चार दिवसांची दिली. ओळखीचे कोणी नाही, जामीन राहावयास कोणी नाही, अशा स्थितीत ते दिवस त्याने कसे काढले असतील याची कल्पनाच करावी. मुदत संपत आली असता खोजा मुहम्मद नावाचा एक खोरासानी गृहस्थ जुन्नरास आला. निकितीनाने त्याचे पाय धरले, त्याने खानाकडे रदबदली केली, धर्मांतराची अट मागे घेतली गेली आणि घोडाही परत मिळाला. त्याला छळणारा आणि सोडवणारा असे दोघेही मुसलमान होते, आणि निकितीनाने एकाच्या जाचाइतकाच दुसऱ्याचा उपकार स्पष्ट लिहून ठेवला आहे. प्रसंग सांगून झाल्यावर तो आपल्या देशबांधवांना बजावतो, की हिंदुस्थानात यावयाचे असेल तर आपला धर्म घरी ठेवून या. आपल्याजोगा माल येथे विपुल आहे असे आपणास सांगितले गेले, ते खोटे निघाले. मिरी आणि रंग स्वस्त आहेत, परंतु जकाती भारी आणि समुद्रावर चाचे फार, असा व्यापारी निष्कर्षही तो त्याच पानावर नोंदवतो.

पुढे बहामन्यांच्या राजधानीत, बीदरास, तो दीर्घकाळ राहिला. सुलतानाच्या स्वारीचे त्याने केलेले वर्णन पुष्कळांनी उद्धृत केले आहे : मुलामा दिलेल्या चिलखतांचे दोनशे हत्ती, त्यांच्या सुळ्यांना बांधलेल्या तलवारी, सोन्याच्या साजांचे घोडे, कर्णे वाजवणारे, नाचणारे. मला त्याच्या दोन लहान नोंदी अधिक मोलाच्या वाटतात. राजवाड्याला सात दरवाजे असून तेथे पहारेकऱ्यांबरोबर शंभर हिंदू कारकून बसतात, कोण आत गेला आणि कोण बाहेर आला ते लिहून ठेवतात, ही त्यांतली एक. मुसलमानी सत्तेच्या दप्तरावर हिंदू लेखणीचा किती पगडा होता याचा असा प्रत्यक्षदर्शी पुरावा इतर साधनांत विरळा. दुसरी नोंद अशी की या मुलखात वस्ती दाट आहे, रयत अत्यंत दरिद्री आणि अमीर-उमराव अत्यंत श्रीमंत असून ते चांदीच्या पालख्यांतून मिरवतात. दरबारी तवारीखकारांनी जे लिहिले नाही ते या परक्याने एका वाक्यात लिहिले.

दक्षिणेत तो खोजा युसूफ खोरासानी या नावाने वावरत असे. बीदरास मात्र त्याची अनेक हिंदूंशी ओळख झाली, तेव्हा त्याने त्यांना आपले खरे नाव आणि खरा धर्म सांगितला, आणि तेथून त्याच्या परदेशवासाचे स्वरूप पालटले. जेवण, व्यापार, पूजाअर्चा यांतले काही त्या लोकांनी मग त्याच्यापासून लपवले नाही. घरच्या स्त्रियाही त्याच्यापासून आडोशाला गेल्या नाहीत. गोमांस वर्ज्य, उजव्या हाताने जेवणे, सुरी-चमचा नाही; वाटेवर प्रत्येकाचे भांडे निराळे आणि प्रत्येकाची खिचडी निराळी; परक्याची दृष्टी पडली तर अन्न टाकून देणे, म्हणून जेवताना वस्त्राने झाकून घेणे; भेटताना मुकाट्याने दोन्ही हात जमिनीस टेकून नमस्कार करणे; मुलाचे नाव बापाने ठेवणे आणि मुलीचे आईने; प्रेताचे दहन करून रक्षा पाण्यात सोडणे. हे सारे त्याने लिहिले ते कोणाच्या घरी पाहुणा म्हणून बसून. एकमेकांच्या हातचे न खाणाऱ्या या लोकांनी एका परधर्मीयाला इतके जवळ येऊ दिले, हे त्या काळच्या समाजाविषयी आपण सहसा बाळगतो त्या समजुतींना थोडा धक्का देणारे आहे. त्याने नाव लपवणे थांबवले आणि त्यांनी दार लावणे थांबवले, या दोन गोष्टींचा संबंध मला निश्चित वाटतो.

त्यांच्याच संगतीत तो महिनाभर चालून शिवरात्रीच्या यात्रेस ‘पर्वत’ नावाच्या तीर्थास गेला. हे श्रीशैल मल्लिकार्जुन, असे अभ्यासक मानतात. मुसलमानांची मक्का, ख्रिस्त्यांचे जेरुसलेम, तसे हिंदूंचे हे पर्वत, असे तो लिहितो. देवालयाचा परिसर त्याला अर्ध्या त्वेरएवढा वाटला. भिंतींवर कोरलेल्या पंक्ती त्याने पाहिल्या, त्यांत सोंडेचा पुरुष होता, वानरमुखाचा होता. मुख्य मूर्तीचा उजवा हात उभारलेला पाहून त्याला कॉन्स्टंटिनोपलच्या जस्टिनियन बादशहाचा पुतळा आठवला. पुढ्यात काळ्या पाषाणाचा प्रचंड नंदी. यात्रेकरू त्याच्या खुराचे चुंबन घेत, फुले वाहत, आणि स्त्री-पुरुष सारे क्षौर करवीत. यात्राकर किती याचीही नोंद आहे. या वर्णनात निंदेचा शब्द नाही. ते दैवत त्याचे नव्हते, तरी त्या गर्दीची भक्ती त्याला ओळखता आली.

स्वतःची भक्ती सांभाळणे मात्र त्याला दिवसेंदिवस कठीण होत गेले, आणि त्याच्या लेखनातील सर्वांत हृदयद्रावक भाग हाच आहे. वोल्गेवरच्या लुटीत त्याचे धर्मग्रंथ गेले होते. ईस्टरचा सण प्रतिवर्षी गणिताने ठरतो. ते कोष्टक जवळ नसलेल्या आणि सांगावयास एकही स्वधर्मीय नसलेल्या माणसाला तो कोणत्या दिवशी पाळावा हे कळणे अशक्य. उपवासाचे बुधवार-शुक्रवारही त्याच्या हिशेबातून निसटले. मग तो आकाशाकडे वळला. बीदरात एका रात्री जागरण करून त्याने पाहिले की कृत्तिका आणि मृग पहाटेच्या उजेडात शिरले आहेत आणि सप्तर्षींचे डोके पूर्वेस आहे. तेवढ्यावरून त्याने आपला ईस्टर ठरवला. मुसलमानांचा रोजा आला तेव्हा त्यांच्याबरोबर तोही उपवास करू लागला, मांस आणि दूधदुभते त्याने वर्ज्य केले. मलिक नावाच्या एका मुसलमानाने त्याला धर्मांतराचा आग्रह करताना म्हटले, की तू मुसलमानही दिसत नाहीस आणि ख्रिस्ती धर्मही तुला ठाऊक नाही. हा बोल त्याच्या जिव्हारी लागला, आणि आपण वाट चुकलो, आता कोठे जावे, असा शोक त्याने वहीत मांडला.

त्या वहीच्या अखेरीस अरबी, फारसी आणि तुर्की शब्दांत रचलेल्या प्रार्थना रशियन लिपीत लिहिलेल्या आढळतात, आणि त्यांत ईश्वराला इस्लामी नावांनी हाक मारलेली आहे. यावरून तो अंती मुसलमान झाला होता की काय, असा वाद विद्वानांत चालत आला आहे. मला तो वाद अप्रस्तुत वाटतो. वर्षानुवर्षे ज्या भाषेत त्याने घोडा विकला, अन्न मागितले आणि उपकार मानले, तीच त्याच्या प्रार्थनेचीही भाषा झाली, एवढेच त्यावरून सिद्ध होते. मायदेशाविषयीचे त्याचे सर्वांत उत्कट उद्गारही तुर्कीतच आहेत : रशियाचे ईश्वर रक्षण करो, तिच्यासारखा मुलूख जगात नाही, तेथले सरदार अन्यायी असले तरी, तेथे न्याय नांदो. तुर्कीचा आडपडदा नसता तर सरदारांविषयीचे हे शब्द त्याने कागदावर उतरवले असते की नाही याची मला शंका आहे.

दाभोळ बंदरातून, स्वतःच्या माथ्याचे दोन सुवर्णनाणी भाडे देऊन, त्याने हिंदुस्थान सोडला. वादळाने गलबत हबशांच्या किनाऱ्यास लागले. तांदूळ, मिरी आणि भाकरी वाटून प्रवाशांनी लूट टाळली. पुढे मस्कत, होर्मुझ, मग इराण ओलांडून तेथला राज्यकर्ता उझुन हसन याची छावणी. तेथून काळ्या समुद्रावरील त्रेबिझोंदास आला तेव्हा उझुन हसनशी वैर असलेल्या उस्मानी अंमलदारांनी कागदपत्रांच्या संशयाने त्याचे सामान उपसले आणि त्यात ज्या चांगल्या चिजा मिळाल्या त्या ठेवून घेतल्या. वही मात्र त्याच्यापाशी राहिली. समुद्र ओलांडून तो क्रिमियातील कफ्फास पोहोचला, तेथून उत्तरेच्या वाटेला लागला आणि स्मोलेन्स्कच्या अलीकडे मरण पावला. व्यापाऱ्यांनी त्याच्या हस्ताक्षरातील पाने मॉस्कोस महाराजांचा चिटणीस वासिली मामिरेव याच्या स्वाधीन केली, आणि बखरकाराने ती 1475 च्या नोंदींखाली उतरवून घेतली. त्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षे ती मठाच्या ग्रंथसंग्रहात पडून होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करामझिन या इतिहासकाराने ती बाहेर काढली, आणि वास्को द गामाच्या आधी पाव शतक आपला एक त्वेरकर हिंदुस्थानात वावरून गेला होता हे रशियन वाचकांस तेव्हा प्रथम कळले.