कॉटन ग्रीनचा कापूस आणि अलकनंदा

लहानपणी कॉटन ग्रीनला लोकलमधून उतरलो की मी आजोबांना विचारायचो, "इथे कापूस कुठंय?" ते हसायचे. "होता रे. गाठींनी गोदामं भरलेली असायची."

घरच्यांना हा किस्सा पाठ आहे. तो परत आठवला अलकनंदेमुळे. नदी नव्हे, दीर्घिका!

आधी थोडा इतिहास. मुंबईचा कापूसबाजार १८४४ साली फोर्टातून कुलाब्याला हलला. पुढच्याच वर्षी आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांना ७२ इंची दुर्बिणीतून एक तेजोमेघ भोवऱ्यासारखा वळलेला दिसला. ते नक्की काय, हे कळायला पुढची ऐंशी वर्षं गेली. १९२० च्या दशकात बाजार आमच्या कॉटन ग्रीनला आला, आणि त्याच दशकात एडविन हबल यांनी दाखवून दिलं की असे तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या स्वतंत्र दीर्घिका.

पुढे समजूत अशी झाली की असे रेखीव सर्पिल हात तयार व्हायला काही अब्ज वर्षं लागतात. विश्व तरुण असतानाच्या दीर्घिका वेड्यावाकड्याच असणार.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या एनसीआरएमधल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांचा शोध जाहीर झाला. (ही संस्था टीआयएफआरची, म्हणजे पुन्हा कुलाबाच!) जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेल्या चित्रांत, अबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या मागे, त्यांना अलकनंदा सापडली. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची ही दीर्घिका. तरी दोन नीटस हात, सुमारे ३०,००० प्रकाशवर्षं व्यास, सूर्याच्या १० अब्ज पट वजनाचे तारे, आणि वर्षाला साधारण ६० सूर्य होतील इतके नवे तारे. म्हणजे ती समजूत आता तपासून पाहायला हवी.

हा प्रकाश सुमारे १२ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला. आज अलकनंदा कशी आहे, ते त्यात दिसत नाही. पण तेव्हा कशी होती, ते विचारलं तर तो सांगतो.

आणि मी? आजोबांना दर वेळी "कापूस कुठंय" एवढंच विचारलं. "कसा होता" हे कधी विचारलंच नाही. आता ते नाहीत.

असो. काका, आत्या, तुमच्यापैकी कुणाला त्यांनी गोदामांबद्दल काही सांगितलं असेल तर जरूर लिहा. वाट बघतोय.