खाल्ल्या मिठाची गोष्ट

माधवनगरात आमच्या शेजारी लहानाचा मोठा झालेला एक मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. गेल्या महिन्यात घरी आला तेव्हा त्याने पिशवीतून बिअरचा एक रिकामा, धुतलेला कॅन काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, ‘‘चाचा, भरलेला आणला असता तर तुम्ही दारातूनच परत पाठवलं असतं. पण यावर काय लिहिलंय ते वाचा.’’

कॅनवर लिहिले होते, ‘इंडिया पेल एल’, आणि खाली बारीक अक्षरांत, समुद्री मीठ घालून.

मी दारू पीत नाही. इस्लामने ती हराम ठरवली आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात कसलीही चलबिचल नाही. म्हणून चव त्यालाच विचारली. ‘‘आधी कारल्यासारखा कडूपणा येतो, मग तो मध्येच निवतो आणि मागे संत्र्याच्या सालीचा वास राहतो. खारट अजिबात लागत नाही,’’ तो म्हणाला. हे कळायला प्यायची गरज नाही. आपल्या घरी कारले चिरून मीठ चोळून ठेवतात. त्याने कडू पाणी सुटतेच, शिवाय मिठातल्या सोडियममुळे जिभेला कडूपणा कमी जाणवतो. बिअरचा कडूपणा हॉप नावाच्या वेलीच्या फुलांतून येतो. तिथेही मीठ हेच काम करते.

त्याचा खरा प्रश्न पुढे होता. ‘‘यात इंडिया कुठून आलं?’’

अठराव्या शतकाच्या मध्यापासून पूर्व लंडनमधल्या बो भागात हॉजसन कुटुंबाची भट्टी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे नांगर टाकत ती ब्लॅकवॉलची गोदी तिथून जवळ. जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा थोडा खासगी व्यापार करण्याची मुभा असे. हॉजसन त्यांना लांब मुदतीच्या उधारीवर बिअर देई. हिंदुस्थानकडे येताना जहाजांत जागा रिकामी असे, त्यामुळे भाडे स्वस्त. हॉपमुळे बिअर टिकते, म्हणून उष्ण देशांत पाठवायची बिअर जास्त हॉप घालून करावी, हे तिथल्या भट्टीवाल्यांना आधीच ठाऊक होते. म्हणजे हॉजसनने हिंदुस्थानसाठी नवे पेय शोधले, ही कथा चुकीची आहे. ‘इंडिया पेल एल’ हे नावही पुढे, १८२०च्या दशकाच्या अखेरीस छापील जाहिरातींत दिसू लागले. तोवर बर्टन गावचे ऑलसॉप वगैरे भट्टीवाले या धंद्यात उतरले होते. बर्टनच्या पाण्यात जिप्समचे प्रमाण मोठे. त्या क्षाराने हॉपचा कडूपणा अधिक स्वच्छ लागे. त्या बिअरच्या पाण्यात क्षार होता तो असा, पण तो समुद्राचा नव्हता.

ही बिअर मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांची. साधे गोरे शिपाई काळी पोर्टर पीत. परतीच्या बोटीची वाट पाहत नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने अडकलेल्या शिपायांवरून इंग्रजीत ‘डूलाली’ हा शब्द आला. त्याचा अर्थ डोके फिरलेला. २००९ साली पुण्यात स्वतःची बिअर गाळणारी एक कंपनी सुरू झाली, तिने हेच नाव घेतले.

आता मिठाकडे येऊ. ज्या जहाजांनी बिअर आणली, तशाच जहाजांनी पुढे इंग्लंडच्या चेशर परगण्याचे मीठही लिव्हरपूलहून कलकत्त्याला आणले. कारण तेच, येताना भाडे स्वस्त. इकडे देशी मिठावर जबर कर. बंगालच्या किनाऱ्यावर मीठ करणाऱ्यांचा धंदा त्यात बुडाला. १८८२च्या मीठ कायद्याने सरकारच्या परवानगीशिवाय मीठ करणे गुन्हा ठरला. १९२३ साली हा कर मणाला सव्वा रुपयावरून अडीच रुपये झाला. ओरड झाली म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा उतरवावा लागला. सरकारी तिजोरीत एकीकडून दारूच्या अबकारीचा पैसा येई, दुसरीकडून मिठाचा. दारू न पिणारा निदान अबकारीतून सुटे. मिठातून कोणीच सुटत नसे.

१९३०चा सत्याग्रह आपल्याला दांडीपुरता माहीत असतो. कोकणात शिरोड्यालाही मिठागरांवर सत्याग्रह झाला. त्या काळात शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते ते वि. स. खांडेकर, आपल्या सांगलीत जन्मलेले. तेव्हाच्या सातारा जिल्ह्याला समुद्र नाही, म्हणून शिराळा तालुक्यातल्या बिळाशीच्या लोकांनी जंगलाचा कायदा मोडला.

आणि धारासणा. गांधीजींना अटक झाल्यावर तिथले नेतृत्व अब्बास तय्यबजींकडे आले. बडोद्याचे निवृत्त न्यायाधीश, वय शहात्तर. त्यांनाही पकडले. मग २१ मे रोजी सरोजिनी नायडूंच्या सोबत पुढे होते इमामसाहेब अब्दुल कादिर बावझीर. त्यांचे वडील मुंबईच्या जुम्मा मशिदीचे मुअज्जिन. पूर्वज अरबस्तानातून येऊन कोकणात स्थायिक झालेले, त्यामुळे इमामसाहेबांना कोकणी येत असे. दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यापासून ते गांधीजींसोबत होते, पुढे साबरमती आश्रमात राहिले. त्या दिवशी सत्याग्रही रांगेने पुढे जात राहिले आणि लाठ्या खात राहिले. हात कोणी उचलला नाही.

मुलाने विचारले, ‘‘हे आम्हाला शाळेत का नव्हतं?’’ मला उत्तर देता आले नाही, कारण मी स्वतः हे नाव पन्नाशीत वाचले. आपल्या मशिदींतून, आपल्या घरांतून तरी ते कुठे ऐकू येते? मुसलमान या लढ्यात कुठे होते, असा सवाल कोणी केला की आपण चिडतो. चिडण्याआधी आपल्याला दोन नावे सांगता आली पाहिजेत.

खाल्ल्या मिठाला जागावे, असे मराठीत म्हणतात. उर्दूत त्यालाच नमकहलाल म्हणतात. शब्द वेगळे, मीठ एकच. त्या मुलाने काय प्यावे हे त्याचे त्याने ठरवावे. माझे मत त्याला माहीत आहे. कॅन मी ठेवून घेतला आणि निघताना त्याला एका कागदावर इमामसाहेबांचे पूर्ण नाव लिहून दिले.