धाव, आरे आणि दिव्यांची माळ

म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या रस्त्यावर कधी तरी अशी पिकअप दिसते: सांगाडा उंच उचललेला, चाके रुंद, टपावर दिव्यांची माळ. बघणारा म्हणतो, हे अमेरिकन खूळ! पण गाडी आपल्या वाटेप्रमाणे घडवून घेण्याची रीत आपल्या लोकांना नवी नाही. तिचा एक धागा नागपूरच्या उत्तरेला, पांढुर्णा-सौंसरच्या मराठी मुलखात सापडतो.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, छिंदवाडा जिल्ह्यातले हे दोन तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली त्यांचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. सीमारेषा बदलल्या तरी जमीन तीच राहिली, कापसाची काळी, पावसात चाक गिळणारी. नागपूरकडच्या या सगळ्या पट्ट्यात मालाच्या बैलगाडीला ‘बंडी’ म्हणतात, हलक्या गाडीला ‘छकडा’.

बंडी कारखान्यातून तयार येत नसे. माल कोणता, वाट कशी, बैल केवढे, हे पाहून सुतार ती बांधी. चाक मोठे, म्हणून कणा जमिनीपासून उंच. चाकोरीतला दगड आणि चिखल खालून निघून जाई. आज ज्याला ‘लिफ्ट’ म्हणतात, ती हीच युक्ती.

मग लोहाराचे काम. चाकावर चढवायची लोखंडी पट्टी म्हणजे धाव. ती घेराहून किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या आगीत तापवून फुगवायची, लाकडावर ठोकून बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसले की आरे आणि तुंबा एकमेकांत घट्ट आवळले जात. दिव्याचे काम बंडीखाली टांगलेला कंदील करी.

विसाव्या शतकात हवेचे टायर आले. पक्क्या रस्त्यावर तेच बैल जास्त ओझे ओढू लागले. पण टायरचे चाक लहान, त्यामुळे गाडी खाली आली आणि धाव बसवणाऱ्या लोहाराचे काम गेले. कामाबरोबर शब्दही गेले. ‘धाव’ म्हटले की आता पोरांना क्रिकेटच आठवते.

म्हणून आजच्या हौशी पिकअपवाल्याला सरसकट हसू नये. मात्र बैलाची चाल माणसाच्या चालीएवढी. पिकअप ताशी ऐंशीने धावते. सांगाडा उचलला की गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर गाडी कलंडू शकते. टपावरचा झगझगीत दिवा समोरच्याला आंधळा करतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेतल्या अशा बदलांना आडकाठी घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले.

कायदा योग्यच आहे. तरीही एक गोष्ट हरवली, ती म्हणजे जबाबदारी. धाव सैल झाली तर बंडीवाला थेट लोहाराच्या दारात उभा राही. दोघे एकाच गावचे, पोळ्याला बैल एकाच तोरणाखाली. आज उंच केलेली गाडी घाटात उलटली, तर ती उंच करणाऱ्याचे दार कुणाला ठाऊक असते?