स्वीट सिंड्रोम : त्वचेवरच्या चट्ट्यांचा रक्ताच्या कर्करोगाशी काय संबंध?

अचानक ताप येतो आणि चेहरा, मान, हातांवर लालभडक, दुखणारे उंच चट्टे उठतात. जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक्स सुरू होतात, पण फरक पडत नाही. स्टिरॉइड दिलं की मात्र दोन-तीन दिवसांत रुग्णाला बरं वाटू लागतं. या आजाराला स्वीट सिंड्रोम म्हणतात. साखरेशी त्याचा काही संबंध नाही. इंग्लंडमधले त्वचारोगतज्ज्ञ रॉबर्ट डग्लस स्वीट यांनी १९६४ मध्ये आठ महिलांमधल्या या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यांचंच हे आडनाव.

चट्ट्याचा तुकडा काढून तपासला (म्हणजेच बायोप्सी केली) तर त्वचेत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची दाटी दिसते. या पेशी एरवी जंतूंशी लढतात. इथे जंतू नसतातच, तरी त्या त्वचेत घुसतात.

न्यूट्रोफिल तयार होतात अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात. कर्करोगाशी धागा जुळतो तो इथेच. साधारण पाचांपैकी एका रुग्णात या आजारामागे कर्करोग सापडतो आणि तो बहुतेकदा रक्ताचा असतो. त्यातही अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया आणि मायलोडिसप्लास्टिक सिंड्रोम (मज्जेत सदोष रक्तपेशी बनण्याचा आजार) जास्त आढळतात. बाकीच्यांत घशाचा संसर्ग, आतड्यांचा दाह, गरोदरपण किंवा एखादं औषध कारण ठरतं. अनेकांत तर कारण सापडतच नाही. त्यामुळे प्रत्येक लाल चट्टा म्हणजे कॅन्सर, असं सांगणारा फॉरवर्ड पुढे ढकलू नये.

खरी अडचण वेगळीच आहे. स्टिरॉइडने चट्टे इतक्या झटपट बसतात की पुढची तपासणी राहून जाते. चट्टे कधीकधी कर्करोगाच्या निदानाआधी काही महिने येतात. म्हणून साध्या सीबीसी चाचणीला इथे फार महत्त्व आहे. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट कमी असतील, रक्तात अपरिपक्व पेशी दिसत असतील किंवा चट्टे वारंवार उठत असतील, तर रक्तविकारतज्ज्ञ मज्जेची तपासणी सुचवतात.

२०२० मध्ये यात आणखी एका आजाराची भर पडली : व्हेक्सास. यूबीए१ या जनुकात जन्मानंतर, उतारवयाकडे झुकताना बदल होतो. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने रुग्ण बहुतेक पन्नाशीपुढचे पुरुष असतात. ताप, स्वीटसारखे चट्टे, कानाच्या किंवा नाकाच्या कूर्चेला सूज आणि मोठ्या आकाराच्या तांबड्या पेशींसह रक्तक्षय, असं त्याचं चित्र. यांतल्या बऱ्याच जणांना मायलोडिसप्लास्टिक सिंड्रोमही असतो. पूर्वी असे रुग्ण त्वचा, सांधे आणि रक्त अशा तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे फिरत राहायचे. आता जनुकीय चाचणीने निदान होऊ शकतं.