इंजिनातील तेलगळती : उगम कसा शोधावा?

वाहन उभे करण्याच्या जागी पडलेला काळपट डाग ही तेलगळतीची पहिली खूण. मात्र तेल जेथे ठिबकते, तेथूनच ते गळत असेल असे नाही. बाहेर आलेले तेल इंजिनाच्या अंगावरून खाली ओघळते आणि धावत्या वाहनाखालील वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून उगम शोधताना ओल्या भागाच्या सर्वांत वरच्या आणि पुढच्या टोकापासून सुरुवात करावी.

प्रथम द्रव ओळखावा. रात्री वाहनाखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवल्यास रंग आणि जागा दोन्ही कळतात. इंजिन ऑइल तपकिरी वा काळे, तर कूलंट बहुधा हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी असतो. वातानुकूलन यंत्राचे स्वच्छ पाणी निर्धोक असते.

त्यानंतर थंड इंजिन ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसून कोरडे करावे, थोडे अंतर वाहन चालवावे आणि बॅटरीच्या उजेडात पाहावे. संशयित जागी टाल्कम पावडर भुरभुरल्यास तेलाची ताजी रेघ उमटते. तरीही उगम न सापडल्यास तेलात विशिष्ट रंगद्रव्य मिसळतात; अतिनील दिव्याखाली गळतीची जागा चमकते.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ऑइल फिल्टर, ऑइल प्रेशर स्विच, चेंबरचे पॅकिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर आणि क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील या नेहमीच्या जागा होत. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल ठिबकले की मागचे सील गेले, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. ते बदलण्यासाठी बहुधा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पण टॅपेट कव्हरमधून मागच्या बाजूने ओघळलेले तेलही तेथेच जमते. तेथे केवळ पॅकिंग बदलून काम भागते. ब्रीदर तुंबला असल्यास इंजिनाच्या आतला दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर पडते. म्हणून मोठ्या खर्चाला होकार देण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी तपासून घ्याव्यात.

तेलाची पातळी डिपस्टिकने नियमित पाहावी. तेलदाबाचा लाल दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. तेलाविना बेअरिंग अल्पावधीत झिजतात. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पडून धूर येऊ लागल्यास आगीचा धोका संभवतो.

गळतीची हानी वाहनापुरती मर्यादित राहत नाही. पावसाबरोबर तेल गटारात उतरते. हैदराबादेतील अंबरपेठ येथे मुसी नदीकाठी प्रतिदिन ३३९ दशलक्ष लिटर क्षमतेचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे. अशा प्रकल्पांत पाणी शुद्ध करण्याचे मुख्य काम सूक्ष्मजीव करतात आणि तेलाचा तवंग त्यात अडथळा आणतो. जेथे गटारे थेट ओहोळाला मिळतात, तेथे हा अडसरही नसतो. तेल सरळ नदीत पोहोचते. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल हा धोकादायक कचरा आहे. त्यामुळे काढलेले तेल गटारात न ओतता बंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडेच सोपवावे.