भुलीनंतरची हुडहुडी

भूल उतरून रोग्याने डोळे उघडले, की नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. पण तोच रोग्याचे दात वाजू लागतात, अंग थडथडा उडू लागते आणि मंडळी पुन्हा घाबरतात. या हुडहुडीचे मर्म उमगायला वैद्यकाला शतकाहून अधिक काळ लागला.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात मॉर्टन यांनी ईथरची भूल दिली आणि डॉ. वॉरन यांनी रोग्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. वेदनेवर मात झाली! त्या आनंदापुढे नंतरच्या कुडकुडण्याची काय मातब्बरी? १९५६ साली हॅलोथेन हे नवे औषध आले, तरी थरथर टळली नाही. उलट इंग्रजीत तिला 'हॅलोथेन शेक्स' असे नावच पडले. रोगी कापू लागला, की अंगावर आणखी एक ब्लँकेट टाकायचे, हा ठरलेला उपाय.

ब्लँकेट वाईट नव्हे. पण ते उशिरा येई. का, ते विसाव्या शतकाच्या अखेरीस डॅनियल सेस्लर आदी संशोधकांनी उलगडले. एरवी शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून छाती-पोटातली ऊब जपते. भूल देताच त्या सैलावतात आणि आतली ऊब हातापायांकडे वाहते. पहिल्याच तासात आतले तापमान एक ते दीड अंश सेल्सिअसने उतरू शकते. मेंदूतला पहारेकरीही तेव्हा गुंगीतच असतो. जाग येताच तो स्नायूंना थरथरवून ऊब मिळवू पाहतो.

या धडपडीत प्राणवायूची गरज दुपटीहूनही वाढू शकते. दुबळ्या हृदयाला ती झेपत नाही. शिवाय गारठ्याचा उपद्रव थरथरीपुरताच नसतो. १९९६ साली आतड्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या २०० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची ऊब राखली होती, त्यांच्यात जखमेत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण ६ टक्के भरले. गारठलेल्यांत ते १९ टक्के!

पेथिडीन हे वेदनाशामक थोड्या मात्रेत ही थरथर थांबवते, हे १९८०च्या सुमारास दिसून आले. त्याच दशकात गरम हवा खेळवणारी पांघरुणेही आली. पण खरी युक्ती वेळेची आहे. भूल देण्यापूर्वीच अर्धा-पाऊण तास हातपाय उबदार ठेवले, तर आतली ऊब फारशी बाहेर वाहत नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपले वडीलधारे सांगत आलेच आहेत.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी थंडी वाजत असेल, तर रोग्याने भिडेखातर गप्प बसू नये. परिचारिकेला सांगावे आणि पांघरूण मागून घ्यावे.